सूर्यनारायणांचा खुलासा

तीर्थरूप मामांना, आकाशाकडे बघून बघून मान आखडलेल्या भाच्याचा नमस्कार. (डोके पायांपर्यंत पोचलेले नाही, ते मनाने पोचले असे धरावे.) गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला खरेच गेला, की तुम्हाला तो ऐकू येईनासा झाला? कानातले यंत्र शिट्टी मारते म्हणून डबीत ठेवून देऊ नका. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत, आणि मी तर खुशालीच्याही चार पावले पुढे गेलो आहे. ते कसे, ते सांगायलाच लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, तुम्ही लोकांना "भाचा उपग्रहात असतो" असे सांगता, ते कृपा करून थांबवा. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर असतो. मी खाली असतो, अकरा मीटर रुंदीच्या पांढऱ्या तबकडीपाशी. चोवीस वर्षे तिला पुसतो, तिचे बोल्ट आवळतो, केबलचे जोड तपासतो. माझ्या आधीचे म्हातारे ऑपरेटर सांगायचे की अगदी सुरुवातीला लोकांनी एक भलामोठा चकचकीत फुगा वर सोडला आणि आवाज त्याच्यावर आपटवून परत घेतला. पुढे फिरणारे उपग्रह आले. ते क्षितिजावर उगवायचे आणि वीस मिनिटांत मावळायचे, आणि अवाढव्य अँटेना त्यांच्या मागे मान वळवत फिरायच्या. जे बोलायचे ते तेवढ्यात उरकायचे. (मामी फोनवर बोलतात त्या मानाने प्रकृतीची चौकशीसुद्धा पुरी झाली नसती.) मग विषुववृत्तावर नेमक्या उंचीला उपग्रह ठेवले. तिथला उपग्रह पृथ्वीबरोबर दिवसाला बरोबर एक फेरी मारतो, म्हणून खालून बघणाऱ्याला जागच्या जागी उभा दिसतो. दिवसभर जिवाच्या आकांताने धावायचे आणि कुणालाच हललेले दिसायचे नाही! आमच्या घरात हे काम तुमची भाचेसून करते.

तर गेल्या महिन्यात आमचा जुना उपग्रह थकला. उरल्यासुरल्या इंधनावर त्याला आणखी वर, निवृत्त उपग्रहांच्या कक्षेत ढकलले, आणि तबकडी पूर्वेकडे वीस अंशांवरच्या नव्या उपग्रहाकडे वळवली. आता पुढचे नीट ऐका. वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होण्याच्या सुमाराला, सूर्य रोज काही मिनिटे बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. तबकडी बिचारी उपग्रहाची कुजबुज ऐकायला कान लावून बसलेली असते, आणि त्याच कानात सूर्य गरजतो. तेवढा वेळ प्रक्षेपण बंद. याच्या वेळा आमचे तरुण इंजिनिअर संगणकावर काढतात आणि तक्ता भिंतीला लावतात. (म्हणून मागून त्यांना सगळे तक्तेसाहेब म्हणतात. पुढून कोणी म्हटलेले नाही.) यंदाच्या तक्त्यात वेळ होती बारा सदतीस.

सोमवारी सकाळी अकरा सतराला प्रक्षेपण दोन मिनिटे गेले. दूरदूरच्या तीनशे शाळांना विज्ञानाचा तास जातो, नेमका तेव्हा. बारा सदतीसला मात्र सगळे ठणठणीत. मंगळवारी पुन्हा अकरा सतरा, या वेळी पाच मिनिटे, आणि बारा सदतीसला पुन्हा काही नाही. तक्तेसाहेब म्हणाले, "सूर्य निर्दोष आहे. दोष तुमच्या जोडात आहे." मी आदल्याच आठवड्यात एक जोड नवा केला होता, त्यामुळे सगळ्यांना ते पटलेसुद्धा. मी बाहेर जाऊन तबकडीकडे पाहिले होते. तिच्या समोर मधोमध दांड्यांवर धरलेली एक टोपी असते, तिची सावली अकरा सतराला तबकडीच्या जवळजवळ मध्यावर पडत होती. सावली मध्यावर म्हणजे सूर्य थेट समोर. तक्ता कसा निघतो ते मला कळत नाही, सावली कळते. मी नोंदवहीत "कारण" या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले, "सूर्यनारायण रोज ११.१७ ला उपग्रहाच्या पाठीमागे येऊन उभे राहतात."

इथे सगळा घोळ झाला, आणि त्यात थोडा दोष तुमचाही आहे. 'सूर्य येतो' असे लिहिले असते तर काही झाले नसते. पण थोरांना अहोजाहो करावे, हे तुम्हीच शाळेत छडीने शिकवलेत. त्या अहोजाहोमुळे मुख्य कार्यालयाला वाटले की हे कोणी कर्मचारी आहेत, आणि तेही बरेच वरचे. बुधवारी नोटीस आली. सदर सूर्यनारायण कोणत्या विभागात आहेत, कोणाच्या परवानगीने पाठीमागे उभे राहतात, आणि ११.१७ लाच का, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. शिवाय थोरले साहेब उद्या स्वतः चौकशीला येत आहेत. जोड सदोष निघाल्यास तबकडीची देखभाल कंत्राटदाराकडे जाईल आणि मी भांडारात.

भांडाराला खिडकी नाही, मामा. चोवीस वर्षे रोज सकाळी मी त्या तबकडीपुढे सूर्याला हात जोडून मग पान्याला हात लावतो. नटबोल्टच्या खोक्यांपुढे काय हात जोडू? घरी बायकोला नोटीस दाखवली. ती म्हणाली, "मग द्या की खुलासा! साडेसहाला हजर, साडेसहाला सुटी, आजवर एक रजा नाही. तुमच्या ऑफिसात असं आहे का कोणी?"

गुरुवारी शिडी लावून मी तबकडीच्या मध्यावर खडूने गोल काढला. (सहावीत मी गप्पा मारल्या म्हणून तुम्ही अंगणात काठी रोवलीत आणि दिवसभर तिच्या सावलीच्या टोकाशी खुणा करायला लावल्यात, आठवते? पोरे हसली होती. तीच शिक्षा कामाला आली.) पावणेअकराला थोरले साहेब आले आणि म्हणाले, "ते सूर्यनारायण कुठे आहेत?" मी वर बोट दाखवले. "गच्चीवर?" "त्याच्याही वर, साहेब." साहेब बराच वेळ वर बघत राहिले, मग नोटिशीकडे, मग त्यांच्या कारकुनाकडे. कारकून चष्मा पुसू लागला.

मी म्हटले, "सावली गोलात शिरली की तास बंद पडेल, बाहेर पडली की सुरू होईल. आज अकरा चौदाला जाईल, अकरा एकवीसला येईल." अंगणात टीव्ही आणून ठेवला होता. सावली गोलाच्या दिशेने सरकत होती. अकरा तेराला कुठूनसा एक गलेलठ्ठ ढग आला, आणि सावली गेली. गोल नुसताच राहिला. मी मनात सूर्यनारायणांचे नाव घेतले. तक्तेसाहेब म्हणाले, "झालं! आता तर सूर्यच नाही! आता बंद पडलं तर..."

बंद पडले! टीव्हीवरच्या बाईंचा खडू फळ्याच्या अलीकडे अडकला आणि चित्राचे चौकोन झाले. ढगाने ऊन अडते, सूर्याची गर्जना अडत नाही. सात मिनिटे थोरले साहेब टीव्ही सोडून हातातले घड्याळ बघत होते. अकरा एकवीसला बाई परत आल्या, तोवर त्यांचा अर्धा फळा भरला होता, आणि थोरल्या साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या! कारकुनानेही वाजवल्या, जरा जोरातच. तक्तेसाहेब आत धावले आणि पाच मिनिटांनी कान धरून बाहेर आले. तक्त्यात अजून जुन्या उपग्रहाचीच जागा घातलेली होती. सूर्याला एका अंशाला चार मिनिटे लागतात, म्हणून वीस अंश पूर्वेला म्हणजे ऐंशी मिनिटे आधी. माणूस मनाचा मोठा. सर्वांसमोर म्हणाले, "काका, तुमचा जोड पक्का आहे. आमचाच सुटला होता." तबकडी माझ्याकडे राहिली. खडूचा गोल पुसायचा नाही, असा साहेबांचा लेखी हुकूम आहे.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. गुडघा जपा.

तुमचा शिक्षा भोगलेला,
भाचा

ता. क. मुख्य कार्यालयातून प्रशस्तिपत्र आले आहे, सोनेरी काठाचे. "अचूक वेळपालनाबद्दल श्री. सूर्यनारायण यांस सप्रेम." थोरले साहेब दौऱ्यावर गेल्यावर ते त्याच कारकुनाने लिहिले. मला राग आला नाही. पत्र योग्य ठिकाणीच पोचले आहे. ते पूर्वेच्या खिडकीत ठेवले आहे, म्हणजे ज्यांचे त्यांना रोज वाचता येईल.

ता. क. २. मात्र आता कार्यालयाला श्री. सूर्यनारायण यांचे सेवापुस्तक उघडायचे आहे. नाव चुकले असल्यास त्यांनी स्वतः येऊन सही करावी, नाहीतर शाळेचा दाखला पाठवावा, असे कारकून म्हणतो. त्यांना सहीला आणणे अवघड आहे. तेव्हा मामा, खरे म्हणजे याचसाठी लिहितो आहे. निवृत्त झालात तरी जुने कोरे दाखले तुमच्या पेटीत आहेत, हे मला ठाऊक आहे. एक भरून पाठवा. जन्मतारीख अंदाजाने टाका, आम्हा सगळ्यांच्या तशाच टाकल्या होत्यात. माझ्या दाखल्यावर वर्तणूक "बरी" लिहिली होतीत, त्यांची "उत्तम" लिहा. आणि "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात लिहा, अजून सोडलेली नाही, रोज सकाळी अंगणात येतात.