उजव्या बाजूला

दादा,

ऊन डोळ्यावर येतं म्हणून तुला क्रेनच्या उजव्या बाजूला उभं राहून इशारे करायला लावलं, ती थाप होती. महिन्यापूर्वी माझ्या डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी तुंबली. दुखलं नाही, म्हणून पाळी संपवून दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "एकोणतिसाव्या वर्षी असं क्वचितच होतं. पण लगेच यायला हवं होतं." तो डोळा आता नुसता दिसायला आहे, बघायला नाही.

नोकरी तुझ्या शब्दावर मिळालेली. तोंड उघडलं तर दोघंही घरी बसू. ही चिठ्ठी रोज केबिनमध्ये वर नेतो, तशीच खाली आणतो.

आज ढगाळ आहे, म्हणून तू आपणहून डावीकडे गेलास आणि मला दिसेनासा झालास. हूक अधांतरी ठेवून मी चिठ्ठीत या ओळी जोडतोय. खालून तू ओरडतोयस, "काय रे, डोळा लागला का?"

वरून,
तुझा धाकटा