ओ देऊ नकोस

३ तारीख, सोमवार
आले एकदाची सासरी! दोन बॅगा, एक खोकं पुस्तकं आणि चौतिसाव्या वर्षी मिळालेला नवरा. आई म्हणायची, तुझ्या बडबडीपुढे कुणी टिकायचं नाही. टिकला की! घर ऐसपैस, उजेड भरपूर. सासरे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, घरातलेसुद्धा. नणंद माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लग्न केलेलं नाही. तिला ताई म्हणायचं ठरलं. जेवणाच्या टेबलाशी पाच खुर्च्या, त्यातली एक भिंतीकडे तोंड करून. मी सरळ करायला गेले तर ताईनं मनगट धरलं. राहू दे म्हणाली, राहिली. परवापासून ड्यूटी. हॉस्पिटलचा टेलिफोन बोर्ड बारा वर्षं सांभाळतेय, चार माणसांचं घर काय जड जाणार!

६ तारीख, गुरुवार
जड जातंय. इथे जेवताना चमच्यांचाच काय तो आवाज. मी तीन विनोद केले, तिन्ही वाया गेले. शेवटी नवऱ्याला गच्चीवर गाठलं. मास्तरांनी म्हणे मुलांवर कधी हात उगारला नाही. शिक्षा एकच, अबोला. खोटं बोललं तर आठ दिवस, उलट उत्तराला पंधरा. ज्याच्यावर अबोला त्याची खुर्ची भिंतीकडे. त्याच्याशी जो बोलेल त्याचीही. मास्तरांनी स्वतः नावानं हाक मारली की शिक्षा संपली. हे सांगताना छत्तीस वर्षांचा बाप्या नखं खात होता. ती खुर्ची कुणाची, विचारलं, तर तडक खाली निघून गेला.

९ तारीख, रविवार
ताईकडून काढून घेतलंच. धाकटी बहीण होती, चिमी. सात वर्षांची. मास्तरांचा चष्मा फोडला म्हणून अबोला चालू होता. पाचव्या दिवशी ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडली. काठाला हात पुरेना. हाका घरभर ऐकू येत होत्या. चौघंही घरात, सासूबाई भाजी चिरत होत्या. सगळ्यांना वाटलं, नाटक करतेय. शिवाय ओ देणाऱ्याची खुर्ची फिरणार! दुपारी आवाज थांबला तेव्हा आम्हाला बरं वाटलं गं, असं ताई म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

सासूबाई त्याच वर्षी हाय खाऊन गेल्या. मास्तरांनी चिमीचं नाव अजून घेतलेलं नाही. सत्तावीस वर्षं शिक्षा चालूच आहे! माझं डोकं नुसतं तडतडतंय. नऊ वर्षांचा होता तेव्हा माझा नवरा. त्याला मी ह्यातून बाहेर काढणार. त्याला बोलतं केलं नाही तर हा संसार म्हणजे आणखी एक मुकी खुर्ची.

१२ तारीख, बुधवार
सकाळी बेसिनच्या नळातून बारीक आवाज आला. कुणी आहे का, म्हणून. टेबलाशी तिघंही चहा पीत होते. तिघांनी कप खाली ठेवले, मान कुणीच वर केली नाही. म्हणजे ऐकतात! रोज ऐकतात! आणि माझी बारा वर्षांची सवय. समोरून कुणी आहे का विचारलं की तोंडातून आपसूक निघतं: हो, बोला.

नळातला आवाज थांबला. मास्तर उठले आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून परत चहाला बसले. मला हसूच आलं.

१४ तारीख, शुक्रवार
नवरा बोलत नाही. भांडले, विनवलं, ताट आपटलं, दगडावर डोकं आपटल्यासारखं झालं. पांघरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेला. कसला माणूस आहे हा! लग्नाला पंधरा दिवस नाही झाले!

१५ तारीख, शनिवार
बोर्डवर फोन उचलते, पण पलीकडे माझा आवाज जात नाही. हॅलो हॅलो करून ठेवून देतात. एकोणतीस वेळा. मेकॅनिकनं तपासलं. बोर्ड ठीक आहे, असं त्यानं शेजारच्या मुलीला सांगितलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मग ती मुलगी माझ्या जागेवर येऊन बसायला लागली— मी अजून उठलेही नव्हते—

१६ तारीख
आईला फोन केला. कोण आहे, तिनं तीनदा विचारलं. घसा फुटेस्तोवर ओरडले. कुणी नाहीये, असं कुणाला तरी म्हणाली.

नळातली मात्र ऐकते. दिवसभर बोलत असते. वर ये म्हणते. एकटीला कंटाळा आलाय म्हणते—

१८ तारीख
मास्तरांचे पाय धरले. त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीला टोक काढत बसले. म्हातारा निगरगट्ट!

पण ही वही ताईनं चाळली. पांढरीफटक पडली. म्हणजे माझं अक्षर दिसतं—

१९ तारीख, दुपार
गच्चीवर नवऱ्याच्या गुडघ्यावर वही टेकवून लिहितेय. डोळे ओळीवरून सरकतायत. वाचतोय. वाच. माझं नाव घे. मास्तरांनीच घ्यायला हवं, हे ठरवलं कुणी? मास्तरांनीच ना! तू घे. तिला दिली नाहीस, मला तरी ओ दे. तू लहान होतास रे तेव्हा. आता नाहीस.

रडतोय. ओठ उघडले. घे— पहिलं अक्षर—

खालून मास्तरांनी हाक मारली. त्यानं लगेच ओ दिली. आलो म्हणाला. अरे, थांब ना— पेन ओढतोय हातातून— मी सोडणार ना