चार आणि चार दोन

मंगळवार, दुपार

तीर्थरूप दादा,

हे 'तीर्थरूप' सवयीने पडलं. लहानपणी आईने पाठ करून घेतलेलं, हात आपोआप चालतो. खोडत नाही, कागद घाण दिसतो.

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मी फोन उचलत नाही म्हणून आईकडून पत्ता काढून थेट पत्र टाकलंस, म्हणजे गरज मोठी दिसते. इकडे सर्व क्षेम. खोली दुकानाच्या वरच आहे. खिडकी आहे, तिच्यासमोर भिंत आहे. जेवण वेळेवर होतं. एवढं वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखव, पुढचं दाखवू नकोस.

माझी चौकशी वरच्या दोन ओळींत उरकलीस आणि बाकी सगळं गिटारच्या अँपचं. बरं केलंस. माझ्याकडेही सांगण्यासारखं तेवढंच आहे. आमचं दुकान कार्यक्रमांना स्पीकर-अँप भाड्याने देतं आणि बिघडलेलं दुरुस्त करतं. कॉलेज अर्धवट सोडलंय हे कळल्यापासून मालक मला 'प्रोफेसर' म्हणतात. "प्रोफेसर, ती वायर गुंडाळा. प्रोफेसर, चहाचे कप धुवा." नव्या गिऱ्हाइकांना वाटतं मी खरंच कुणीतरी आहे. परवा एकाने चक्क वाकून नमस्कार केला. मीही आशीर्वाद देऊन टाकला.

तर तुझा अँप. ऑफिसातल्या कुणाचं तरी जुनं हेड, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, आणि त्याच्यासोबतचा स्पीकरचा एक बॉक्स तू घेऊन मोकळा झालास, आणि आता मला विचारतोस की बरा आहे का. लग्न ठरवून झाल्यावर घरच्यांना पसंती विचारावी तसं. असो. तो विषय नाही.

मैदानावरच्या कार्यक्रमासाठी दुसरा बॉक्स घ्यायचाय ना? मग दुकानात जाताना आपली, म्हणजे माझी, बेस गिटार घेऊन जा. दुकानातल्या गिटारवर सगळेच बॉक्स छान वाजतात, ती ठेवलेलीच त्यासाठी असते. हेडवरचे सगळे नॉब आधी मधोमध आण. विकणारा हळूच खर्ज वाढवून देईल, तुझ्या पोटात गुदगुल्या होतील आणि तू खिशात हात घालशील. बंद खोलीत खर्ज नेहमीच भरून येतो. तोच आवाज मैदानात नेला की उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा होतो. तेव्हा खर्ज आवर आणि मधला आवाज वाढव. एकटा वाजवशील तेव्हा तो नाकातून बोलल्यासारखा वाटेल, कानाला कडू लागेल. लागू दे. ड्रम सुरू झाले की तोच तेवढा ऐकू येतो. हे माझं तत्त्वज्ञान नाही, कुठल्याही साउंडवाल्याला विचार.

दुकानात एकटा जाऊ नकोस. दुसऱ्या कुणाला वाजवायला लाव आणि तू लांब जाऊन ऐक. बेस वाजवणाऱ्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज कधीच येत नाही. बॉक्स गुडघ्याशी, कान वर. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आपण वाढवत जातो, आणि मागच्या रांगेतल्यांच्या छातीत धडधड सुरू होते. म्हणून मंचावर बॉक्स टेबलावर ठेव, कानाच्या उंचीला. कोपऱ्यात तर मुळीच नको, दोन भिंती मिळून आवाज फुगवतात.

हे मला कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे. आम्ही बँडवाले हॉलमध्ये आवाज तपासत असताना ती माइक सोडून थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकायची आणि तिथून तळहात खाली करायची. कमी कर. मी चिडायचो. मला वाटायचं, हिला हिचंच गाणं ऐकू यायला हवंय. मग ती पूर्ण हॉल चालत पुढे यायची आणि म्हणायची, "तुझं तुला ऐकू येत नाही रे. जरा लांब येऊन ऐक, मग कळेल."

आता चांगला लांब आलोय.

केबलचं सांगायचं राहिलं. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल बाहेरून सख्ख्या भावांसारख्या दिसतात. आत एकीत केसाएवढी तार असते, दुसरीत दोन जाड. हेडपासून बॉक्सपर्यंत जाडवालीच लाव, नाहीतर वितळेल. बदलून चालत नाही. दिसतात सारख्या म्हणून एकाच्या जागी दुसरा लावला, असं त्यात नसतं. बाकी ठिकाणी चालत असेल.

गिटारच्या पाठीवर माझ्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे आहेत. पॉलिश करून घेतले नसशील तर घेऊ नकोस. घेतले असशील तर मला सांगू नकोस.

बघ, आलो शेवटी तिथेच. तू लिहितोस, "आता तिला वहिनी म्हणायची सवय कर, तिलाही बरं वाटेल." सवय कर! म्हणजे नवीन बूट आहेत, थोडे दिवस चावतील. दादा, सूर कुठल्या तारेवर कुठे असतो ते तुला मी दाखवलं. बोटांना फोड आले तेव्हा "हे असलं माझ्याने व्हायचं नाही" म्हणून गिटार पलंगावर टाकून गेला होतास. आज गिटार तुझी, बँडमधली जागा तुझी, तिच्या डाव्या हाताला उभं राहणारा तू. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते ऐकलं होतं, आपल्याच घरात पाळलेला बघितला नव्हता.

राहिला तुझा खरा प्रश्न. हेडच्या मागे 'किमान चार ओम' असं छापलंय, आहे तो बॉक्स चार ओमचा, तसाच दुसरा चारचा त्याच्या जोडीला लावला तर चालेल का.

चालेल. दोन्ही खुशाल जोड. आवाज दुप्पट होईल. काही होत नाही.

मालक खालून ओरडतायत, प्रोफेसरांना चहा करायचाय. पत्र संध्याकाळी टाकतो.


गुरुवार, सकाळ

टाकलं नाही.

वरचं उत्तर खोटं आहे. खोडत नाही, तुला दिसू दे.

दोन्ही जोडू नकोस. शाळेत चार आणि चार आठ होतात. ओम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा; दोन बॉक्स असे शेजारी शेजारी लावले की विजेला दोन वाटा मिळतात, अडथळा निम्मा होतो, म्हणून इथे चार आणि चार दोन होतात. तुझं हेड चारच्या खाली झेपणारं नाही. दोन म्हणजे त्याच्याकडे ताकदीच्या दुप्पट मागणं. नवीन हेड असतं तर स्वतःच बंद पडून स्वतःला वाचवतं. तुझं जुनं आहे. त्याला तसली अक्कल नाही, ते जळेपर्यंत वाजत राहतं. सुरुवातीला काहीच कळलं नसतं. पहिलं गाणं झकास झालं असतं, तू मनात मला दुवा दिला असतास. मग हेड तापलं असतं, कडवट वास आला असता, आवाज चिरकला असता आणि भर मैदानात तुझ्या हाताखाली नुसत्या तारा राहिल्या असत्या. असली जळकी हेडं आमच्याकडे येतात. मालक झाकण उघडून वास घेतात आणि विचारतात, "कुणाच्या सांगण्यावरून जोडलं?" गिऱ्हाईक म्हणतं, "एक जाणकार आहे ओळखीचा."

दोन बॉक्सच हवे असतील तर दोन्ही आठ ओमचे घे. आठ आणि आठ मिळून चार होतात, हेड सुखाने चालेल. आहे तो विकून टाक. नाहीतर एकच ठेव, टेबलावर चढव आणि मैदानासाठी मोठ्या स्पीकरवाल्यांना तुझ्या हेडमधून तार ओढून घ्यायला सांग. तेवढं पुरतं.

मी सुधारलो असं वाटून घेऊ नकोस. मंगळवारी लिहिताना मला गार वाटलं होतं. दिवसभर ते मैदान डोळ्यांपुढे आणत होतो. माणसं भरलेली आहेत, ती गातेय, तू छाती काढून उभा आहेस, आणि फट्. तू नॉब फिरवतोस, केबल हलवतोस, कपाळावरचा घाम पुसतोस. सगळं मला हवं तसं. पण पुढे बघायला गेलो की दर वेळी एकच व्हायचं. ती गाणं थांबवत नाही. गात गातच तुझ्याकडे येते, वाकून अँपकडे बघते, हसते आणि तुझ्या पाठीवर हात ठेवते. लोक टाळ्या वाजवतात. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तेच. माझ्या डोक्यात, माझ्या खर्चाने तुझा अँप जळतो आणि त्यातही हात तुझ्याच पाठीवर पडतो! मग कशाला जाळू?

म्हणून खरं लिहिलं. आणि आता हातात पेन आहे तर दुसरंही लिहून टाकतो. पत्र लिहायला घेतल्यापासून तेच टाळतोय.

मी तुला तिच्याकडे पाठवलं होतं. इतर वेळी माझं तोंड बंद होत नाही, पण तिच्यापुढे जीभ टाळूला चिकटायची. तू मोठा, तुझ्याशी ती मोकळी बोलायची.

"दादा, तू विचार ना तिला."

"मी? वेडा झालायस का? तुझं तू विचार."

"एकदाच. पाया पडतो तुझ्या."

आणि खरंच पडलो. तू हसलास. "ऊठ रे गाढवा, बघतो काय ते."

संध्याकाळी तू परत आलास. मी दारातच उभा होतो. तू खाली वाकून चपलेचा पट्टा सोडवायला लागलास आणि तसाच, मान वर न करता म्हणालास, "नाही म्हणाली रे. सोड तो विषय."

मी सोडला. माझ्या पद्धतीने. पुढच्याच तालमीला आवाज इतका वाढवला की खिडक्या थरथरत होत्या. ती मागच्या भिंतीला होती. तिने तळहात खाली केला. मी आणखी वाढवला. मग ती चालत पुढे आली.

"काय झालंय तुला? माझं काही चुकलं का?"

"तुला चांगलं माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

काय नाटक करते, असं वाटलं मला. फिरलो आणि माझ्याच बॉक्सला लाथ घातली. पाय आरपार गेला. ड्रमवाला "अरे अरे" करत धावला, ती मागे सरून बाजूच्या भिंतीला लागून उभी राहिली, आणि मी पायातली चप्पल त्या भोकातच सोडून अनवाणी बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी त्याच्याऐवजी बसमध्ये बसलो. घरात अजून सगळे म्हणतात, अभ्यास झेपला नाही म्हणून पळाला. म्हणू देत. झेपला नाही हेही खरंच होतं.

आता इथे मी फाटके स्पीकर चिकटवतो. कागदाला कागद लावून डिंक सुकेपर्यंत बोटाने दाबून धरायचं असतं. तेवढ्या वेळात डोक्यात दुसरं काही येत नाही, तिचं ते वाक्य येतं. "मला काय माहीत आहे?" जिने नुकतंच एखाद्याला नाही म्हटलंय, ती मुलगी असं विचारते का? तोंडावर असा भाव घेऊन?

आणि दुसरी एक गोष्ट. तुझ्या त्या चपलेला पट्टा नव्हता, दादा. अंगठ्याची साधी चप्पल होती. तू तिथे वाकून काय सोडवत होतास?

मला कळतं, उत्तर काहीही आलं तरी आता काही फिरत नाही. ती तुला हो म्हणाली ते खरंच म्हणाली. तू तिला आवडतोस, तुझ्यात आवडण्यासारखं बरंच आहे, मलाही आवडायचास. माझ्यासारख्या लाथाड्याला तिने नाहीच म्हटलं असतं, ही खात्री मी स्वतःला रोज देतो. पण तू विचारलंच नसशील, तर मला कुणी नाही म्हटलेलंच नाही. मग मी कॉलेज, घर, गिटार सगळं कुणाच्या नकारावर सोडून आलो? तुझ्या?

मी माझं खोटं उत्तर तसंच ठेवलं आणि खाली खरं लिहिलं. तेवढंच तू कर. विचारलं होतंस की नाही, एका शब्दात कळव. सारवासारव नको, समजूत नको, 'तुझ्या भल्यासाठी' तर मुळीच नको.

विचारलं असशील, तर मी गाढव, आणि ताजा कलम तिला मोठ्याने वाचून दाखव. विचारलं नसशील, तर तो तुझ्या हाताने खोड. मी लिहून ठेवतोय. लिहिताना हात आपोआप चाललेला नाही.

आईला सांग, जेवतो. बॉक्स कानाच्या उंचीला ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. वहिनींना नमस्कार.