हातावरचा आकडा

थोरलीच्या आईस,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. थोरली जपते, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

परवा इथे मतदान झालं. नातीचं पहिलंच मत. मी सवयीने म्हणालो, "आपल्या पक्षालाच दे हं." ती हसली. "आपला म्हणजे तुमचा, आजोबा! मी माणूस बघून देणार. आजीला तरी कधी विचारलंत का?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. तुझा तळहात आठवला. चाळीस वर्षं पक्षाच्या चिठ्ठ्या वाटल्या. दर निवडणुकीला तू चुकू नयेस म्हणून तुझ्या तळहातावर उमेदवाराचा आकडा पेनाने लिहून दिला. तू हात पुढे करायचीस, बोलायची काहीच नाहीस.

येत्या रविवारी तिकडे मतदान आहे. या वेळी कोऱ्या हाताने जा. शाळेच्या पायऱ्या चढताना कठडा धर. मत कुणाला दिलंस ते मी विचारणार नाही. पण आजवर मी लिहिलेलाच आकडा दाबत होतीस का, तेवढं दोन ओळींत लवकर कळव.

तुझे,
थोरलीचे बाबा