अंबूच्या टेबलावर टिकून राहणे

आवणी ८, रविवार

आज परत सगळ्यांच्या आधी मीच बाहेर. कॉफी निवायच्या आत! चकत्या संपल्या की टेबलावरून उठायचं, मग अंबूचा आवाज बंद, तो पुढल्या रविवारपर्यंत. पैसे नाहीत हो त्यात. नुसत्या रंगीत चकत्या. ही अंबू, माझी नात, टोरांटोत बसून शिकाऊ लोकांसाठी फोनवर पत्त्यांचा फुकट डाव मांडते, तिथे सकाळ असते, इथे दिवा लावायची वेळ व्हायची असते. पण मजा काय वर्णावी! फोनातली ती पत्त्यातली राणी बघून मला हसूच येतं. एवढी राणी, आणि नाकात मोरणी नाही. पावम्, बिचारी.

अंबू ओरडली, "आज्जी, प्रत्येक डावात कशाला बसतेस? शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते बघितल्याशिवाय राहवत नाही ना, तसं आहे तुझं." खरंच आहे. समोरच्याकडे काय पानं आहेत ते बघायला म्हणून मी शेवटपर्यंत चकत्या भरत जाते.

साधा फोन केला तर उचलत नाही ती. ताताचा, तिच्या आजोबांचा, विषय निघेल म्हणून. टेबलावर मात्र बोलते. तर मग टेबलावर टिकलंच पाहिजे. शिकीन.

आवणी ११, बुधवार

ह्यांनी तांदळाची कंजी थुंकली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना... पुढचं मी ऐकलं नाही, त्यांच्या चपला बघत उभी राहिले.

उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द राहिला. अंबू. ह्यांचं करायला सेल्वी येते चोळपुरमहून, ती मला आजीऐवजी पाट्टी म्हणते. म्हणाली, "पाट्टी, पन्नास वर्षं रांधून घातलंत, तुमचं नाव नाही का हो येत तोंडात?" मेली. दोघी खूप हसलो. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

बँकेतली नोकरी सोडून पत्त्यावर पोट भरते म्हटल्यावर ह्यांनीच अंबूला सांगितलं होतं, जुगारिणीने ह्या घरात पाऊल टाकायचं नाही. चार वर्षं झाली. नाही टाकलं. त्यांचीच नात ना.

आवणी १५, रविवार

टेबल बसतं नेमकं राहुकाळात. रविवारचा साडेचार ते सहा. त्यात मी नवं काही सुरू करत नाही, साधं पापड लाटायला सुद्धा. तर आज ठरवलं, बसायचं, पण आळीपाळीने भरावीच लागते ती सक्तीची चकती सोडून काही टाकायचं नाही. पानं आली की फेकली, आली की फेकली. एकदा दोन एक्के आले. फेकले!

सहा वाजले. मग राजांची जोडी आली, चकत्या वाढवल्या, तर सगळे पळाले! परत वाढवलं, परत पळाले. अंबू म्हणे, "आज्जी! कोणाकडून शिकलीस? हेच, हेच सांगत होते मी. वाईट पानं टाकायची, चांगली आली की नुसतं भरत बसायचं नाही, वाढवायचं." एक्क्यांचं कशाला सांगा.

शेवटी आम्ही दोघीच उरलो. ती म्हणाली, ह्या खेळात सगळं एकदम लोटता येत नाही, एका वेळेला ठरलेलं तेवढंच पुढे सरकवायचं. बरं, म्हटलं. आणि हळूच तेवढंच सरकवलं, "ह्यांनी आज दोन चमचे कॉफी घेतली ग."

 तिने टेबल बंद नाही केलं!!

आवणी २२, रविवार

काय केलं मी हे.

पाच वाजले असतील. डाव चालला होता. अंबू आपणहून, मी काही काढलं नव्हतं, आपणहून म्हणाली, "ताता जागे आहेत? फोन ने त्यांच्याकडे." आणि माझ्या तोंडातून गेलं, "थांब ग, राहुकाळ आहे, सहा वाजू दे."

चार वर्षांनी पहिला शब्द. तो वाईट वेळेला नको, एवढंच होतं मनात. चांगलं व्हावं म्हणूनच की.

"सरि, बरं आज्जी," म्हणाली.

सहाला फोन घेऊन खाटेपाशी गेले तर टेबलावर तिचं नाव आहे आणि ती नाही. अंबू, अंबू करत बसले. तिला वाटलं असणार, ताताच नको म्हणाले आणि मी झाकतेय. माझ्या हाका ऐकून हे दाराकडे बघायला लागले.

आवणी २४, मंगळवार

उचलत नाही. बोलून निरोप पाठवला, ऐकलेला दिसत नाही.

ह्यांच्या छातीत घरघर. सेल्वीने तिरुनीलक्कुडीच्या स्वामींच्या अभिषेकाचं तेल आणलं, छातीला चोळलं. मी सगळं सांगितलं तिला. म्हणाली, "यम राहुकाळात आला तर त्याला पण तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर, बसवून ठेवाल का, पाट्टी?" बोलून गेली आणि तीच रडायला लागली. मीच तिला पाणी दिलं.

आवणी २९, रविवार

टेबल मांडलेलं आहे. अंबूचं नाव आहे, अंबू नाही. पाळी आली की तिची पानं तिथल्या तिथे आपोआप टाकली जातात. सक्तीची चकती मात्र कापली जाते. सगळ्या गेल्या की जागा जाईल.

घड्याळ बघितलं नाही मी आज. चांगली पानं आली तिथे वाढवलं, शिकाऊ पोरं एकेक उठवली. फार गोड पोरं, एक म्हणाला, आजी तुम्ही भयंकर आहात. असू दे.

आता दोघीच. मला जिंकायचं नाही. एका डावाला तिची चकती मला येते, पुढल्या डावाला मी माझी पानं टाकते, चकती तिला जाते. असं केलं तर कोणाचंच संपत नाही. आत्ताच राण्यांची जोडी आली होती, तीही टाकली.

फोन ह्यांच्या उशीला टेकवून ठेवलाय, मधे मधे हे लिहिते. म्हटलं, ही बघा, अंबूची जागा. डाव्या हाताने माझं मनगट धरलंय, पकड कमी कमी होतेय. शब्द पण अर्धाच निघतो आता. अं.

तिची पाळी आली.

ह्या वेळेला पानं लगेच गेली नाहीत. माणूस समोर असलं की चालते ती वेळेची पट्टी तिच्या नावाखाली हळूहळू सरकतेय. अजून गेली नाहीत. अजून