माझे घर टेकडीवर नेण्याविषयी

देवाला आणि आमच्या चर्चमधल्या लाकडी सांता रोसाला स्मरून, मी, ओनोफ्रे कोलिवोरो, मुक्काम पुल्माय बेट, वय एकोणऐंशी, धंदा बटाट्याची शेती, मासेमारी आणि एके काळी कातडी, हा कागद स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेली नाही. सफरचंदाच्या दारूला मी सकाळपासून हात लावलेला नाही आणि आता दुपार कलली आहे, यावरून वाचणाऱ्याने माझ्या गांभीर्याची कल्पना करावी.

येत्या रविवारी प्रार्थनेनंतर हा कागद मी माझ्याच स्वयंपाकघरात पाच साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचणार आहे. नोटरी मोठ्या बेटावर बसतो आणि होडीत त्याला ओकाऱ्या होतात. तो नसेल तर पाच साक्षीदार लागतात, असे आमच्या शाळेच्या मास्तरीणबाई मारगोत यांनी कायद्याच्या पुस्तकात पाहून सांगितले आहे. पाचही जणांनी शेवटपर्यंत बसायचे. मध्येच उठेल त्याची साक्ष बाद. हे मी कोणाला उद्देशून लिहितो आहे ते त्याला कळेल.

पहिले, देहाविषयी. मला माझ्या बायकोशेजारी, क्लोरिंदाशेजारी पुरावे, तिच्या डाव्या हाताला. उजव्या कानाने तिला कमी ऐकू यायचे. पाद्री वर्षातून एकदा येतो. त्याच्यासाठी मला ताटकळत ठेवू नये. चर्चची किल्ली सांभाळणारा आमचा सिरिआको प्रार्थना म्हणेल, तेवढी पुरे. नंतर त्याने शाळेतली समुद्राची कविता म्हणावी. आम्ही दोघे दोन्या एदुविखेस या मास्तरीणबाईंच्या हाताखाली तीन हिवाळे शिकलो. त्यांच्या छडीने आमच्या हातावर जे लिहिले ते पुसले गेले, पण "हे सागरा, तू रोज लिहिशी किनाऱ्यावरी एक ओळ" हे काही पुसले गेले नाही. सिरिआको दुसरे कडवे नेहमी गिळतो. माझ्या वेळी गिळू नये.

दुसरे, बियाणे. बटाट्याचे सगळे बियाणे मुलगी एदेलमिरा हिला. ते तसेही तिचेच आहे, कारण आमच्याकडे बियाणे आईकडून मुलीकडे जाते आणि पुरुष फक्त जमीन उलथतो. लांबट काळा, पिवळ्या डोळ्यांचा आणि तो गाठीगाठींचा जांभळा, जो सोलताना क्लोरिंदा माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, हे तिन्ही वाण एकत्र ठेवू नयेत. समुद्रातले शेवाळ शेतात घालायचे ते पावसात धुऊन मगच घालावे.

तिसरे, होडी. होडी मुलगा फिलिदोर याला. तो दक्षिणेला, सरहद्दीपलीकडे, मेंढ्यांची लोकर कातरतो. गेला तेव्हा मला म्हणाला होता, "बाबा, सील सोलला की संपला. मेंढी सोलली की पुन्हा उगवते." मला राग आला होता, कारण वाक्य चांगले होते. एदेलमिराचा नवराही त्याच्याच मागोमाग गेला आणि तिकडचाच झाला. फिलिदोर परत आला तर होडी त्याची. नाही आला तर तिला डांबर फासून पालथी घालावी आणि खाली कोंबड्या ठेवाव्यात. जळणासाठी फोडू नये.

चौथे, माझ्या आजोबांनी बांधलेला माशांचा दगडी बंधारा. भरतीला मासे आत येत, ओहोटीला पाणी दगडांतून निसटे आणि मासे आत राहत. मासा कमी झाला की बंधारा झोपला आहे असे आम्ही म्हणायचो आणि सगळे मिळून त्याला हिरव्या फांद्यांनी झोडपून जागा करायचो. साठ सालच्या भूकंपात बेटाची ही बाजू खाली बसली आणि बंधारा कायमचा पाण्याखाली गेला. आता त्याला कोणी झोडपू शकत नाही. तो मी समुद्राला देतो. त्याने आधीच घेतलेला आहे, पण कागदावर असलेले बरे.

पाचवे, कातड्यांचे सामान. पाणमांजरांची कातडी ताणायच्या सुरूच्या फळ्या शाळेला द्याव्यात. त्यांत चरबी मुरली आहे, त्यावर खडू चालणार नाही; बाक होतील. मिठाची पिंपे एदेलमिराला. पाणमांजराचे बीळ हुंगून काढणाऱ्या माझ्या कुत्रीचा पणतू कापितान हा सध्या चुलीपुढे झोपलेला आहे. त्याने उभ्या आयुष्यात फक्त पाव हुंगला आहे. तो ज्याला हवा असेल त्याने न्यावा. कातड्यांचा तो व्यापारी, जो केसांवर फुंकर घालून घालून आमची किंमत उडवायचा, त्याच्या वारसांना मी माझ्याकडून एक फुंकर ठेवतो.

आता सहावे कलम. बाकीची कलमे याच्यासाठीच आहेत.

हे घर. भूकंपापूर्वी हे समुद्रापासून चांगले दूर होते. आता उधाणाला पाणी जमिनीच्या फळ्यांखाली येते. एदेलमिरा चुलीपाशी उभी असते आणि खालून खेकडे फळ्या ठोठावतात. पुढचे दोन खांब कुजले आहेत. आमच्या मे-जूनच्या हिवाळ्यातले एक मोठे वादळ आले की घर जाईल. मी तिला म्हटले, "पोरी, तूही भावाकडे जा." ती म्हणाली, "मेंढ्यांत? बाबा, घर गेलं तर मी गोठ्यात राहीन, पण हे बेट सोडणार नाही. आणि गोठाही गेला तर तुमच्या होडीखाली, कोंबड्यांबरोबर." तेव्हा घर एदेलमिराला, पण घर समुद्रात गेल्यावर काय द्यायचे? म्हणून घर टेकडीवर न्यायचे आहे, माझ्या वरच्या बटाट्याच्या शेतात.

घर नेणे ही आम्हाला काही नवी गोष्ट नाही. खाली ओंडके घालायचे, बैल जुंपायचे, सगळ्या बेटाने दोर धरायचा आणि घर निघते. याला आम्ही मिंगा म्हणतो. मजुरी कोणी घेत नाही. घरवाला सगळ्यांना जेवू घालतो आणि पुढे त्यांच्या हाकेला जातो. नियम एकच. घरवाल्याने प्रत्येकाकडे स्वतः जायचे, टोपी हातात घ्यायची आणि स्वतःच्या तोंडाने मागायचे. निरोप चालत नाही. आणि तोंडावर मागितले तर नाही म्हणता येत नाही. या बेटावर असे नाही कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

टेकडीवर घर न्यायला एकच वाट आहे आणि ती बेलार्मिनो लेपिओ याच्या शेतातून जाते. दुसऱ्या बाजूला दलदल आहे, तिथे बैल पोटापर्यंत रुततात. त्या वाटेवर बेलार्मिनोचे कुंपण आहे. बेटावरची सगळ्यांत दांडगी बैलजोडीही त्याचीच आहे.

कुंपण का आहे ते साऱ्या बेटाला ठाऊक आहे, कारण बेलार्मिनोने ते प्रत्येक लग्नात सांगितले आहे. त्याचे म्हणणे असे. आम्ही दोघे तरुणपणी दक्षिणेच्या उघड्या समुद्रातल्या खडकावर सीलच्या शिकारीला उतरलो होतो. होडी आम्हाला सोडून आडोशाला गेली. आम्ही दिवसचे दिवस ओल्या कपारीत पडून राहिलो. शेवटी एका पहाटे खालचा सगळा खडक सीलनी भरला. आणि नेमका तेव्हाच ओनोफ्रे उभा राहून समुद्राची कविता म्हणू लागला. सगळे सील पाण्यात. पिंपे मिठाने भरलेली गेली, मिठाने भरलेलीच परत आली. "कविराजांनी एवढं मन लावून म्हटलं," असे तो सांगतो, "की श्रोते उठून गेले."

माझे म्हणणे असे की वारा फिरला आणि आमचा वास खाली गेला. सील कवितेला भीत नाहीत. नंतर मी खाडीत कितीतरी वेळा तीच कविता म्हटली आहे. डोकी वर काढून ऐकतात, पाद्रीच्या प्रवचनाला माणसे ऐकत नाहीत इतके लक्ष देऊन. हे मी मरेपर्यंत म्हणेन आणि हा कागद वाचला जाईल तेव्हा मेल्यावरही म्हणेन.

पण त्या हंगामाच्या कातड्यांवर बेलार्मिनोचे लग्न व्हायचे होते. ते एक वर्ष पुढे गेले. रोसाउरा त्याच्या घरात आली आणि सहा वर्षांत तापाने गेली. त्या दफनाहून परतताना तो मला म्हणाला, "एक वर्ष जास्त मिळालं असतं, ओनोफ्रे." आणि दुसऱ्या दिवशी त्याने कुंपणाचे खांब रोवले. "तुझ्या जिवात जीव आहे तोवर ही वाट उघडणार नाही," अशी शपथ घेतली. वाऱ्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते मी वर लिहिले आहे. त्याच्या वर्षाविषयी मला काहीच म्हणता येत नाही. ज्याचे वर्ष गेले त्याला वारा कुठून कुठे वाहत होता हे सांगून काय होणार?

भूकंपानंतर मी त्याच्याकडे कितीदा गेलो. माझ्या हातात टोपी दिसली की हा मागच्या दाराने पसार. एकदा बटाट्याच्या वाफ्यात आडवा पडून राहिला. मला त्याचे बूट दिसत होते. मी बुटांना मागू शकलो असतो, पण मागायचे तोंडावर असते.

म्हणून हे मृत्युपत्र. बेटावर आता मोजकी घरे उरली आहेत; माझ्या नात्याचा नाही असा पाचवा साक्षीदार शोधायला गेले तर बेलार्मिनोच सापडतो. मरणाऱ्याच्या कागदावर साक्ष द्यायला नाही म्हणणे पाप आहे हे सिरिआकोने त्याला चर्चच्या पायरीवर समजावले आहे. त्याला दारापाशी नव्हे, भिंतीकडच्या बाकावर, बाकीच्यांच्या आत बसवावे.

इथे मी वाचणे थांबवीन. उभा राहीन. टोपी हातात घेईन.

बेलार्मिनो, तुझी शपथ माझ्या जिवापुरती आहे. ती मोड असे मी म्हणत नाही. मी गेल्यावर ती संपते. तेव्हा वाट उघड आणि बैल दे. एदेलमिरा माझ्यामागे मागायला येणार नाही, ती आईसारखीच मानी आहे. म्हणून मी आजच मागून ठेवतो. तुला मी काहीही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे मास्तरीणबाई म्हणतात. त्या दिवशीच्या जेवणासाठी डुक्कर, शिंपले, बटाटे आणि दारूचे मोठे पिंप मी आत्ताच बाजूला काढत आहे. ते कोणाही वारसाचे नाहीत. ते दोर ओढणाऱ्यांचे आहेत.

येथे मूळ कागद संपतो.

वाचनानंतरची पुरवणी, त्याच दिवशी, त्याच हाताने

वाचून झाले. मी उभाच होतो.

बेलार्मिनो जमिनीकडे बघत म्हणाला, "रोसाउराला सहा वर्षं नाही. सात व्हायला आली होती."

मी म्हटले, "दुरुस्त करतो." आणि ते इथे दुरुस्त केले आहे.

मग तो म्हणाला, "म्हणजे तू मेल्यावर?"

"हो. मी मेल्यावर."

"आणि कधी मरणार आहेस?"

"बेलार्मिनो!" सिरिआको ओरडला. "विचारायची काय पद्धत आहे?"

"का? बैलांना तयारी लागते." तो उठून माझ्याजवळ आला आणि कातड्यांच्या व्यापाऱ्यासारखा मला खालून वर निरखू लागला. "रंग बरा आहे. आवाज तर मेल्याहून मेल्याला उठवेल असा. सकाळी काय खाल्लं?"

एदेलमिराने चुलीपासून सांगितले, "चार बटाटे आणि मासा. वर माझाही मासा."

"ऐकलंत?" तो बाकीच्यांकडे वळला. "हा माणूस या हिवाळ्यात मरत नाही. घर मात्र मरेल. आत येताना मी खांबाला लाथ मारून बघितली. मी ह्याची वाट बघत बसलो तर मे संपायच्या आत ही पोरगी कोंबड्यांत झोपेल. मग मी बैल कशाला जुंपू, तुझं थडगं ओढायला?"

मी म्हटले, "पण तुझी शपथ?"

"शपथ माझी आहे, कविराज. मोडायची तर मी मोडीन. तुझ्या कागदाने ती संपवायची नाही." मग त्याचा आवाज खाली आला. "कागदातून मागू नकोस. मी म्हातारा झालो, कागदावरचं मला कळत नाही. तसंच माग."

कागद मी चुलीच्या कट्ट्यावर ठेवला. म्हटले, "बेलार्मिनो, माझं घर ओढायला येशील का?"

"येईन," तो म्हणाला. "शनिवारी. जमीन अजून कडक आहे. डुक्कर नीट भाजा."

एवढे बोलून त्याने टोपी घातली. मारगोतबाई म्हणाल्या, "अहो, सही करायची राहिली!" पण तो अंगणात पोहोचला होता. एदेलमिराने दाराआड डोळे पुसले आणि मग रागावून कापितानला लाथ मारली, तो काही उठला नाही.

यावरून सहावे कलम मी रद्द करीत आहे. जे माणूस जिवंतपणी करणार त्याला मृत्युपत्रात जागा नाही. घर एदेलमिराचे, ते टेकडीवर असेल. बाकी कलमे आहेत तशी राहतील.

वाचून, ऐकून, समजून सह्या केल्या:

ओनोफ्रे कोलिवोरो, मृत्युपत्र करणार

साक्षीदार:
१. सिरिआको रायिन, चर्चची किल्ली सांभाळणारा
२. मारगोत उल्योआ, शिक्षिका
३. पाउलिनो चिग्वाय, सुतार
४. झोइला ग्वेन्तेओ, सुईण
५. बेलार्मिनो लेपिओ: सही बाकी. साक्षीदार कुऱ्हाड घेऊन कुंपण तोडायला गेला आहे. पाच सह्यांशिवाय हा कागद कायद्याने अपुरा आहे, हे मला माहीत आहे. तो आज येतो म्हणाला नाही. हरकत नाही. मलाही घाई नाही.

स्थळ: पुल्माय बेट, खालचे घर
दिनांक: १७ एप्रिल १९६६, रविवार