पोटात दुखण्याची नोकरी

आदरणीय वहिनी,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (कंबर परवानगी देते तितकीच वाकले आहे, उरलेलं मनातून समजून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजूनही नको असलेले पाहुणे आले की उसळतो? आमच्याकडे सगळे खुशाल. तुमचे धाकटे दीर दिवसभर दुकानात लोकांची घड्याळं दुरुस्त करतात आणि जेवायला उशिरा येतात. का म्हणून विचारलं, तर म्हणतात, वेळेकडे लक्षच नव्हतं.

मी या वयात वकिलीला प्रवेश घेतला हे कळल्यावर तुम्ही फोनवर जे बोललात (भांडायला हिला पदवी कशाला हवी, वगैरे), ते मी मुळीच मनावर घेतलेलं नाही. म्हणजे घेतलं होतं, पण मग भूक लागली. शिवाय मुलगी सासरी गेल्यापासून घरात माझ्याशी वाद घालणारं कुणी उरलं नाही. तुमचे दीर सगळ्याला 'बरं' म्हणतात. वकील होऊ का, बरं. फी एवढी आहे, बरं. (हे दुसरं 'बरं' जरा बारीक आवाजात आलं.)

फीचा आकडा पाहिल्यावर कळलं की हा डोंगर एका खांद्यावर पेलणारा नाही. थोडी विद्यापीठाची मदत, थोडं बँकेचं कर्ज आणि थोडं आवारातच काम, असं ठिगळाला ठिगळ जोडायचं ठरलं. आम्ही दोघं मदत विभागात गेलो. खिडकीतल्या मुलीने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने तुमच्या दिरांना विचारलं, मुलीचं नाव काय? त्यांनी इमानदारीत आपल्या मुलीचं नाव सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही सांगितली. मी मध्ये पडले नसते, तर सासरी नांदणाऱ्या पोरीला घरबसल्या शिष्यवृत्ती लागली असती. विद्यार्थी मी आहे हे कळल्यावर ती मुलगी उभीच राहिली. मग म्हणाली, "काकू, बसा ना." खिडकीसमोर खुर्ची नव्हती, पण भावना पोचली.

बँकेतले साहेब एवढे भावनाप्रधान नव्हते. त्यांनी माझं वय दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही शिकणार कधी, नोकरीला लागणार कधी आणि कर्ज फेडणार कधी?" मी म्हटलं, "साहेब, घरासाठी कर्ज घेतलं तेव्हा घर नोकरीला कधी लागणार, असं तुम्ही विचारलं नव्हतं." साहेबांना ठसका लागला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तोंडाला पदर लावला. असो. कर्ज मंजूर झालं.

राहिलं काम. मदत चालू ठेवायची तर आवारात काम केलंच पाहिजे, काम सुटलं की मदत बंद, असा नियम. मी पोचेपर्यंत तरुण पोरांनी चांगली चांगली कामं पळवली होती. ग्रंथालय गेलं, झेरॉक्स गेलं, फोन उचलायचं कामसुद्धा गेलं (आणि फोनवर बोलण्यात माझा हात कोण धरणार होतं, तुम्हीच सांगा). उरलं होतं डॉक्टरकीच्या मुलांसाठी खोटं आजारी पडण्याचं काम. हसू नका. या मुलांना खऱ्या माणसांवर सोडण्याआधी खोट्या माणसांवर तपासून बघतात. आपण खाटेवर झोपायचं, शिकवलेलं दुखणं वठवायचं आणि मुलांनी विचारून, दाबून रोग ओळखायचा. माझ्या वाट्याला पोटदुखी आली. पोटात दुखायचे पैसे मिळतात हे आधी माहीत असतं, तर आपल्या अर्ध्या नातेवाइकांनी वाडे बांधले असते.

तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाई म्हणजे कडक काम. त्यांचा एकच नियम, विचारतील तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. वहिनी, तुम्ही मला ओळखता. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही अट माझ्या लग्नातसुद्धा कुणी घातली नव्हती. पण पोटासाठी (दोन्ही अर्थांनी) मी ती पाळली. सरावात असं कण्हले की पलीकडच्या खोलीतला खोटा हृदयरोगी आपलं दुखणं विसरून बघायला आला.

मग परीक्षेचा दिवस उजाडला. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई पेन घेऊन बसलेल्या. पहिली काही मुलं झटपट रोग ओळखून गेली. मग एक लंबू आला. कानांच्या पाळ्या लाल. त्याने मला झोप लागते का विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं, घड्याळाच्या दुकानाची तर इतकी आपुलकीने चौकशी केली की मला वाटलं हा आता घड्याळ दुरुस्तीला टाकायला येतोय. पण दुखतं कुठे, हे काही विचारेना. वेळ संपत आलेली. शेवटी त्याने पोटाकडे हात नेला आणि नेमका चुकीच्या बाजूला. माझ्याच्याने राहवेना. मी डोळ्यांनी खुणावलं. त्याला वाटलं मला झटका येतोय. मग मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे बाळा, उजवीकडे दाब की!"

काचेपलीकडचं पेन खाली पडलं. आणि वहिनी, त्याने दाबलं ते त्याच्या उजवीकडे! म्हणजे माझ्या डावीकडे! मी उठून बसले आणि ओरडले, "माझी उजवी, मेल्या, माझी!"

परीक्षा थांबली. तो भिंतीशी पुतळ्यासारखा उभा. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि खरं सांगते, तेव्हा पोटात जे दुखलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. काम गेलं की मदत गेली, मदत गेली की वर्ष गेलं. घरी जाऊन हे सांगितलं, तर तुमचे दीर नुसतं 'बरं' म्हणतील, आणि ते 'बरं' मला ऐकवलं नसतं.

आत बोलावलं. पाया पडायचं ठरवून गेले होते. पण बाई म्हणाल्या, त्या मुलाला नापास करावं लागेल, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तोंड माझं सुटलं, शिक्षा त्याला का? घाबरलेल्या पोराला पुन्हा संधी देणार नसाल, तर ही शाळा कसली? इथल्या भिंती हिरव्या, खुर्च्या मोडक्या, तासभर कुणी पाणी विचारत नाही, आणि माणसं बरी करायला निघालात? तुमच्या वरचा कोण आहे, त्याला बोलवा! बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "राग आला की तुम्ही नेहमी अशाच बोलता?" मी म्हटलं, "अजून राग आलेला नाही."

त्यांनी माझं पोट तिथल्या तिथे बरं केलं आणि मला नवीन काम दिलं, 'रुग्णाचे संतापलेले नातेवाईक'. पगार जास्त, कण्हणं नाही, आणि कितीही बोला, कुणी अडवत नाही! लंबूलाही दुसरी संधी मिळाली, तीही माझ्याच समोर. मी तोंडाचा पट्टा सोडला. तो डगमगला नाही. त्याने खुर्ची ओढून दिली, पाण्याचा पेला ठेवला आणि हळूच म्हणाला, "तुम्हाला भीती वाटतेय ना?" वहिनी, पाठ केलेलं सगळं भांडण मी विसरूनच गेले. डोळ्यांत पाणी आलं, तेही खोटं नव्हतं. तो चांगल्या गुणांनी पास झाला. मला मात्र ताकीद मिळाली, नातेवाईक इतका लवकर विरघळायचा नाही.

तर असं चाललंय. भावोजींना नमस्कार. प्रकृतीला जपा, आणि गुडघ्याला ते दुर्गंधीवालं तेल लावू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. संतापलेली नातेवाईक वठवताना कुणाची नक्कल करता, असं बाईंनी विचारलं. मी खोटं बोलू शकले नाही. त्या म्हणाल्या, मूळ व्यक्तीच मिळेल का? पुढच्या परीक्षेत सासूच्या ऑपरेशनवरून दवाखान्यात भांडणाऱ्या दोन जावा हव्या आहेत. तालीम लागणार नाही, असं मी सांगितलंय.

आणखी ता. क. हे काम फक्त विद्यार्थ्यांनाच मिळतं. तेव्हा तुम्हाला प्रवेश घ्यावा लागेल. इतिहासाला जागा आहेत. (जुन्या गोष्टी उकरून काढण्यात तुमचा हातखंडा, म्हणून इतिहास.) शाळेत तुमचा नंबर कायम पहिला असायचा, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. भावोजींनी सांगितलं, तेही अभिमानाने.

शेवटचं. माझ्या कर्जाला जामीन भावोजीच राहिलेत. तुम्हाला सांगायचा धीर त्यांना होईना, म्हणून हे पत्र मी त्यांच्याच हाती पाठवलं आहे. ते बाहेर पायरीवर बसले असतील. वाचून झालं असेल तर त्यांना आत घ्या. त्यांचा खोकला वाढेल.